सुट्या भागांची किंमत आणि वाहनमालकाचा हक्क : भारतीय स्पर्धा आयोगाच्या २०१४ च्या आदेशाची समीक्षा

प्रस्तावना :

मोटारगाडीची खरेदी शोरूममध्ये पूर्ण होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तेथे एका दीर्घ व्यवहाराची केवळ सुरुवात होत असते. गाडी जितकी वर्षे रस्त्यावर राहते तितकी वर्षे तिला ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, शॉक ॲब्सॉर्बर आणि अलीकडे निरनिराळे सेन्सर लागत राहतात. हमीची मुदत संपेपर्यंत या खर्चाची फारशी जाणीव होत नाही. त्यानंतर मात्र अधिकृत सेवा केंद्राचे बिल हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंदाजपत्रकातील एक अनिश्चित घटक बनतो. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण अशा प्रसंगी हमखास वापरली जाते. परंतु म्हणीतील गिऱ्हाइकाला मसाल्याचा भाव कोंबडी घेण्यापूर्वी विचारता येतो आणि मसाला दुसऱ्या दुकानातूनही आणता येतो. वाहनमालकाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी संभवत नाहीत. सुट्या भागाचा भाव त्याला पाच-सात वर्षांनी कळतो आणि तो भाग बहुधा एकाच दुकानात मिळतो.

या प्रश्नाचा भारतातील सर्वांत विस्तृत अधिकृत विचार भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या आदेशात (प्रकरण क्र. ०३/२०११) आढळतो. या आदेशाने १४ मोटार उत्पादक कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. वृत्तपत्रांतून त्याची चर्चा मुख्यतः दंडाच्या रकमेपुरती झाली. आदेशातील विचारसरणी, तिचे बलस्थान आणि तिच्या मर्यादा यांकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले. प्रस्तुत लेखात त्या विचारसरणीची चिकित्सा केली आहे. आयोगाने रोगाचे निदान अचूक केले. मात्र किंमत हे ज्या रोगाचे लक्षण आहे, तो रोग म्हणजे वाहनावरील मालकी अपुरी राहणे, याचा उपाय आदेशाच्या चौकटीत पुरेसा बसला नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

आदेशाची पार्श्वभूमी :

२०११ च्या आरंभी एका ग्राहकाने स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम १९(१)(अ) अन्वये तीन मोटार कंपन्यांविरुद्ध आयोगाकडे माहिती दाखल केली. कंपनीचे अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळत नाहीत, दोष शोधण्याची उपकरणे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना दिली जात नाही, त्यामुळे ग्राहकाला अधिकृत विक्रेत्याकडेच जावे लागते आणि तेथे मागितली जाईल ती किंमत मोजावी लागते, असा तिचा आशय होता. आयोगाच्या महासंचालकांनी तपास सुरू केल्यावर ही प्रथा तीन कंपन्यांपुरती मर्यादित नसल्याचे दिसून आले. म्हणून तपासाची व्याप्ती वाढवून एकूण १७ कंपन्यांचा त्यात समावेश करण्यात आला. त्यांपैकी १४ कंपन्यांविषयीचा निर्णय ऑगस्ट २०१४ मध्ये झाला. उर्वरित तीन कंपन्यांविषयीचा आदेश जुलै २०१५ मध्ये आला. त्यात ह्युंदाई कंपनीस ४२०.२६ कोटी रुपयांचा दंड झाला.

या प्रकरणाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. चौदा कंपन्यांपैकी अनेकांचे कारखाने पिंपरी, चाकण, रांजणगाव, तळेगाव, नाशिक आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) या पट्ट्यात होते व त्यांतील बरेचसे आजही आहेत. या कारखान्यांभोवती त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची दाट साखळी उभी राहिली आहे. आदेशातील मध्यवर्ती प्रश्न याच साखळीतून स्पष्ट होतो. चाकण परिसरात एखादा पुरवठादार ब्रेकचा भाग तयार करतो. तोच भाग मोटार कंपनीच्या खोक्यात बंद होऊन अधिकृत सेवा केंद्रात पोहोचतो. मात्र तेथून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानात तो पुरवठादाराने थेट पाठवावा, तर मोटार कंपनीशी झालेला करार आड येतो. वस्तू एकच, कारखाना एकच. बाजार मात्र बंद. असे करार स्पर्धेला बाधक आहेत काय, हे आयोगाला ठरवावयाचे होते.

'बाजार' या संकल्पनेचा प्रश्न :

आदेशाचे सर्वांत मोलाचे वैचारिक योगदान बाजाराच्या व्याख्येत आहे. कंपन्यांचा युक्तिवाद असा होता की, मोटार आणि तिचे सुटे भाग हा एकच संयुक्त बाजार आहे. ग्राहक गाडी घेतानाच तिच्या आयुष्यभराच्या खर्चाचा हिशेब करतो, भाग महाग असतील तर तो दुसऱ्या कंपनीची गाडी घेतो आणि म्हणून मोटारींच्या बाजारातील तीव्र स्पर्धाच सुट्या भागांच्या किमतीला आपोआप लगाम घालते. वरकरणी हा युक्तिवाद तर्कशुद्ध आहे. आयोगाने तो अमान्य केला आणि मोटारविक्रीचा प्राथमिक बाजार व सुटे भाग आणि दुरुस्ती यांचा दुय्यम बाजार असे दोन भाग केले. प्रत्येक कंपनी तिच्या स्वतःच्या गाडीच्या सुट्या भागांपुरती वर्चस्वाच्या स्थानी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

यामागील कारणमीमांसा लक्षात घेण्याजोगी आहे. कोणता भाग केव्हा निकामी होईल, त्या वेळी त्याची किंमत काय असेल, मजुरी किती पडेल, गाडी किती वर्षे आणि किती किलोमीटर चालेल, हे खरेदीच्या दिवशी सामान्य ग्राहकाला कळणे अशक्य असते. हिशेबाची इच्छा असली तरी त्यासाठी लागणारी आकडेवारी त्याच्या हाती नसते. पुढे भाग महाग असल्याचे कळले तरी गाडी विकून दुसरी घेणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. काही हजारांच्या भागासाठी लाखांची गाडी बदलण्याचे पाऊल कोणी सहसा उचलत नाही. 'अडला हरी, गाढवाचे पाय धरी' या म्हणीत जी अगतिकता आहे, तिलाच अर्थशास्त्रात बद्धता म्हणतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये कोडॅक कंपनीच्या छायाप्रत यंत्रांच्या दुरुस्तीसंबंधीच्या खटल्यात याच दिशेने विचार केला होता. यंत्राच्या बाजारात स्पर्धा असल्यामुळे त्याच्या सुट्या भागांच्या बाजारात सत्ता निर्माण होऊच शकत नाही, हे गृहीतक त्या न्यायालयाने स्वीकारले नाही.

आयोगाच्या या भूमिकेवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की, तिच्यामुळे मोटारविक्रीत अत्यल्प हिस्सा असलेली कंपनी आणि बाजाराचा मोठा भाग व्यापणारी कंपनी या दोघीही सारख्याच 'वर्चस्वशाली' ठरतात. हिंदुस्थान मोटर्स आणि मारुती सुझुकी यांना एकाच मापाने मोजणे विचित्र वाटते, हे खरे. परंतु आक्षेपाचे मूळ वर्चस्व कोणावर, हे न पाहण्यात आहे. येथे वर्चस्व प्रतिस्पर्धी कंपनीवर नसून आधीच गाडी घेऊन बसलेल्या मालकावर आहे. त्या मालकाच्या दृष्टीने देशात त्या गाड्या दहा हजार आहेत की दहा लाख, याने काही फरक पडत नाही. उलट लहान कंपनीच्या गाडीचा मालक अधिक अडचणीत असतो, कारण त्या गाडीचे पर्यायी भाग तयार करणे बाहेरच्या उत्पादकाला परवडत नाही. आयोगाची व्याख्या या वास्तवाशी अधिक प्रामाणिक आहे.

महासंचालकांच्या तपासात आढळलेले आकडे या विवेचनाला आधार देतात. कंपन्यांनी सुट्या भागांवर केलेली वाढ सुमारे १०० टक्क्यांपासून सुमारे ५,००० टक्क्यांपर्यंत असल्याचे नोंदविले गेले. वरचा आकडा सर्वच भागांना लागू नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. काही स्वस्त भागांवरील वाढ टक्केवारीत फार मोठी दिसू शकते. तरीही दुप्पट किंमत ही ज्या बाजारात खालची मर्यादा ठरते, त्या बाजारात स्पर्धा आहे असे म्हणणे कठीण आहे.

कंपन्यांचा बचाव : बौद्धिक संपदा आणि सुरक्षितता

कंपन्यांनी दोन प्रमुख बचाव मांडले. पहिला बचाव बौद्धिक संपदेचा होता. स्पर्धा कायद्याच्या कलम ३(५) नुसार पेटंट, संकल्पचित्र इत्यादी हक्कांच्या रक्षणासाठी घातलेल्या वाजवी अटींना सूट मिळते. आयोगाने येथे दोन पातळ्यांवर उत्तर दिले. बहुतेक कंपन्या भारतात वैध असे नोंदणीकृत हक्क दाखवू शकल्या नाहीत, हे पहिले. शिवाय तयार झालेला भाग दुकानात विकल्याने त्यामागील तांत्रिक ज्ञानाची चोरी होत नाही, हे दुसरे. भाग विकणे आणि भाग बनविण्याची रीत विकणे यांत अंतर आहे, हा मुद्दा साधा असूनही निर्णायक आहे.

तथापि हा विजय अंशतः नोंदणीच्या अभावावर उभा आहे. उद्या कंपन्यांनी बंपर, दिवे, आरसे यांच्या आकारांची भारतात रीतसर नोंदणी केली, तर युक्तिवादाचा पहिला पाय निखळतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या संकल्पचित्रविषयक निर्देशात, वाहनाचे मूळ रूप पूर्ववत करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भागांना संरक्षणातून वगळणारी दुरुस्तीविषयक तरतूद केली आहे. अपघातात फुटलेल्या दिव्याच्या जागी त्याच आकाराचा दिवा बसविण्यावाचून मालकाला गत्यंतर नसते, हे तत्त्व त्यामागे आहे. प्रश्न कायमचा सोडवावयाचा तर तो कायद्यातच सोडवावा लागतो, हे यावरून दिसते.

दुसरा बचाव सुरक्षिततेचा. भाग खुले केल्यास बनावट मालाचा सुळसुळाट होईल आणि अकुशल कारागिराच्या हातून जीवितहानी होईल, असे कंपन्यांचे म्हणणे होते. बनावट ब्रेक पॅड किंवा निकृष्ट स्टिअरिंगचा भाग जिवावर बेतू शकतो, यात शंका नाही. परंतु या युक्तिवादात कार्यकारणभाव उलटा लावला गेला आहे. अस्सल भाग खुल्या दुकानात मिळत नाही आणि सेवा केंद्रात परवडत नाही, तेव्हाच बनावट भागाला गिऱ्हाईक मिळते. गॅरेजवाल्यांच्या बोलीत 'कंपनीचा माल', 'ओरिजिनल', 'लोकल' आणि 'डुप्लिकेट' असे भेद सर्रास केले जातात. मूळ पुरवठादाराने स्वतःच्या नावाने विकलेला भाग हा यांतील दुसरा प्रकार. कंपनीच्या खोक्यातील भागाशी दर्जाने समान आणि किमतीने कमी. करारांनी नेमका हाच प्रकार बाजारातून हटविला. परिणामी मालकापुढे महाग 'कंपनीचा माल' आणि संशयास्पद 'डुप्लिकेट' असे दोनच पर्याय उरले. सुरक्षिततेची खरी काळजी असती, तर हा मधला पर्याय खुला ठेवणे हाच तिचा मार्ग होता.

निर्देशांची चिकित्सा :

आयोगाने कंपन्यांना दिलेले निर्देश थोडक्यात असे : स्पर्धाविरोधी प्रथा थांबवाव्यात, सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे ग्राहकांना व स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून द्यावीत, मूळ पुरवठादारांना खुल्या बाजारात विक्रीची मोकळीक द्यावी, स्वामित्वधन घ्यावयाचे असल्यास ते कराराने घ्यावे, स्वतंत्र गॅरेजांवर निर्बंध घालू नयेत, बाहेर दुरुस्ती केली एवढ्या कारणावरून सरसकट हमी रद्द करू नये, आणि भागांच्या किमती, समान दर्जाचे पर्याय, देखभालीचा खर्च व हमीच्या अटी संकेतस्थळावर प्रसिद्ध कराव्यात. या निर्देशांची दिशा योग्य आहे. त्यांच्या मर्यादा मात्र चार ठिकाणी दिसतात.

पहिली मर्यादा किमतीसंबंधी आहे. तक्रारीचे मूळ किमतीत होते. निर्देश मात्र उपलब्धतेविषयी आहेत. उपलब्धता वाढली की स्पर्धा होईल आणि स्पर्धा झाली की किंमत उतरेल, असे गृहीत धरले आहे. आयोग हा दरनियंत्रक नाही, त्यामुळे ही भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार छापली जाणारी कमाल किरकोळ किंमत उत्पादकच ठरवितो. विक्रेता एकच असेल, तर कमाल किंमत हीच प्रत्यक्ष किंमत बनते. ती संकेतस्थळावर वाचावयास मिळाल्याने मालकाचे ज्ञान वाढते, निवड वाढत नाही. महाराष्ट्रातील ग्राहक चळवळीचा अनुभव येथे उद्बोधक आहे. १९७५ पासून कार्यरत असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सामूहिक खरेदीतून मध्यस्थांना बगल देण्याचा यशस्वी प्रयोग केला. परंतु तो धान्य, साबण, मसाले अशा वस्तूंत शक्य झाला, कारण तेथे विकणारे अनेक होते. एकाच विक्रेत्यासमोर ग्राहकांची एकजूटही पुरेशी पडत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मोटारीच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कराचा सर्वोच्च दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ही सवलत स्वागतार्ह असली, तरी करपूर्व किंमत कोण ठरवितो, हा प्रश्न तीमुळे सुटत नाही.

दुसरी मर्यादा भागाच्या आकारासंबंधी आहे. दिव्याची एक खुंटी तुटली तरी संपूर्ण दिवा, एक बुश झिजला तरी संपूर्ण आर्म, अशा 'असेंब्ली' विकण्याची पद्धत अधिकृत केंद्रांत रूढ आहे. भाग उपलब्ध आहे, असे कंपनीला त्या स्थितीतही म्हणता येते. भाग कोणत्या किमान स्वरूपात विकावा, याविषयी निर्देशांत काही नाही. बिल फुगण्याचे हे एक प्रमुख कारण आहे आणि जुन्या कारागिरीचा ऱ्हासही येथेच होतो. दुरुस्त करणाऱ्याची जागा बदलून बसविणारा घेतो.

तिसरी मर्यादा हमी आणि विमा यांची आहे. बाहेरील सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल, असे आयोगाने म्हटले. परंतु नुकसान त्या दुरुस्तीमुळेच झाले हे कोणी सिद्ध करावयाचे, ते सांगितले नाही. व्यवहारात हा भार मालकावर येतो, कारण तपासणीचे यंत्र आणि तज्ज्ञ दोन्ही कंपनीकडे असतात. विम्याचा विचार तर आदेशाच्या उपायांत येतच नाही. रूढ विमापद्धतीत प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि धातूच्या भागांवरील घसारा गाडीच्या वयानुसार १० वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. भाग जितका महाग, तितकी मालकाच्या खिशातून जाणारी रक्कम मोठी. घसारामुक्त विमा घेतल्यास हा बोजा वाढीव हप्त्यातून सर्व विमाधारकांत वाटला जातो. किंमत नाहीशी होत नाही. ती दिसेनाशी होते. महाग भागांविरुद्ध मालकांचा आवाज क्षीण राहण्यामागे हेही एक कारण असावे.

चौथी मर्यादा सर्वांत गंभीर असून ती ज्ञानाविषयी आहे. भारतात २०१० पासून टप्प्याटप्प्याने मोटारींत दोषनिदान प्रणाली सक्तीची झाली. तिच्यातील उत्सर्जनासंबंधीचे संकेत प्रमाणित असल्याने साध्या स्कॅनरवर वाचता येतात. परंतु एअरबॅग, ब्रेक नियंत्रण, चावीची ओळख यांसारख्या विभागांचे संकेत पुष्कळदा कंपनीनिहाय असतात. काही वाहनांत नवा भाग बसविल्यावर तो गाडीच्या संगणकाने 'ओळखावा' यासाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरची परवानगी लागते. अशा वेळी भाग हातात असूनही गाडी चालत नाही. उपकरणे उपलब्ध करून द्यावीत, असे आयोगाने म्हटले. पण ती कोणत्या दराने, किती अद्ययावत आणि कोणत्या भाषेत द्यावीत, हे अनिर्णीत राहिले. लहान शहरातील गॅरेजचालकाला दरवर्षी शुल्क भरून पाच-सहा कंपन्यांची सॉफ्टवेअर घेणे परवडणारे नाही.

या संदर्भात मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे उदाहरण बोलके आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले. तरी ती टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होती. उत्पादक मागे सरल्यानंतर दोन दशके ती टिकली, कारण तिचे इंजिन उघडून पाहता येत होते, तिचे भाग अनेक जण बनवीत होते आणि तिची दुरुस्ती हे शहरातील शेकडो मेस्त्रींचे सामायिक ज्ञान होते. ती गाडी आजच्या मापाने सुरक्षित वा स्वच्छ नव्हती. तिचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु तिचा मालक हा खऱ्या अर्थाने मालक होता. याउलट आदेशातील १४ कंपन्यांपैकी जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबविली आणि फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कंपनीने बाजार सोडल्यावर किती वर्षे भाग आणि सॉफ्टवेअर पुरवावे, याविषयी आदेशातील निर्देश मौन बाळगतात.

दंड आणि त्याचे भवितव्य :

आयोगाने कंपन्यांच्या तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या २ टक्के दंड आकारला. कायद्याने १० टक्क्यांपर्यंत मुभा दिलेली असल्याने हे प्रमाण सौम्य म्हणता येईल. परंतु आकारणीचा आधार एकूण उलाढाल हा होता. त्यामुळे ट्रक व बस यांचाही मोठा व्यवसाय असलेल्या टाटा मोटर्सला १,३४६.४६ कोटी, तर निस्सानला १.६३ कोटी रुपये असा दंड झाला. गैरवर्तनाचे स्वरूप एकच असताना ही तफावत केवळ कंपनीच्या आकारमानामुळे आली. स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने ९ डिसेंबर २०१६ च्या निर्णयात टोयोटा, फोर्ड आणि निस्सान यांच्याबाबत गैरवापराचा निष्कर्ष कायम ठेवला, मात्र दंडाचा आधार सुट्या भागांच्या व्यवसायातील उलाढालीपुरता सीमित केला. पुढे मे २०१७ मध्ये एक्सेल क्रॉप केअर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संबंधित उलाढालीचे हेच तत्त्व मान्य केले. अन्य काही कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात कायद्याच्या घटनात्मक वैधतेलाच आव्हान दिले. त्या न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये कलम २२(३) मधील निर्णायक मताची तरतूद रद्द केली, परंतु कायद्याची मूळ चौकट वैध ठरविली.

या दीर्घ न्यायालयीन प्रवासात एक गोष्ट नजरेआड होते. दंड वसूल झाला तरी कायद्याच्या कलम ४७ नुसार तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्याने दुप्पट-चौपट किंमत मोजली, त्या मालकाच्या हाती त्यातून काही येत नाही. कलम ५३(एन) अन्वये नुकसानभरपाई मागता येते. तथापि उल्लंघन निश्चित झाल्यावर, स्वतंत्र अर्ज करून आणि स्वतःचे नुकसान सिद्ध करून. एका क्लच प्लेटच्या जादा किमतीसाठी हा खटाटोप कोणी करील, अशी अपेक्षा अवास्तव आहे.

आदेशापलीकडे : दुरुस्तीचा हक्क

अन्य देशांतील वाटचाल पाहता एक फरक जाणवतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मोटारमालकांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा जनमताच्या पाठबळावर झाला. अधिकृत विक्रेत्याला मिळणारी दोषनिदानाची माहिती मालकाला व स्वतंत्र गॅरेजलाही वाजवी दराने मिळाली पाहिजे, असे त्याचे सूत्र आहे. २०२० मध्ये तेथील मतदारांनी गाडीतून बिनतारी मार्गाने कंपनीकडे जाणाऱ्या माहितीलाही हे सूत्र लावले. त्यावर कंपन्यांनी अनेक वर्षे न्यायालयीन लढा दिला. ऑस्ट्रेलियात जुलै २०२२ पासून माहिती देण्याची सक्ती करणारी स्वतंत्र योजना लागू झाली. या ठिकाणी बंधन सर्व उत्पादकांवर आहे. भारतातील आदेशाचे बंधन प्रकरणातील पक्षकारांपुरते आहे. २०१९ मध्ये भारतीय बाजारात विक्री सुरू करणाऱ्या किया व एमजी या कंपन्या त्याच्या कक्षेत नाहीत. ज्या दुचाकींवर देशातील बहुसंख्य कुटुंबांचे दळणवळण चालते, त्यांचाही या प्रकरणात विचार झालेला नाही.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरविण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याविषयीचे पोर्टल सुरू केले. मोटारवाहने, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि शेतीची अवजारे ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडली गेली. शेतीच्या अवजारांचा समावेश महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पेरणीच्या हंगामात ट्रॅक्टर आठ दिवस बंद राहणे हे भागाच्या किमतीहून कितीतरी मोठे नुकसान असते. तथापि पोर्टलवर माहिती देण्याची व्यवस्था करणे आणि माहिती न देणाऱ्यावर कायद्याने कारवाई करता येणे, यांत मोठे अंतर आहे. २०१४ च्या आदेशातील उणीव पोर्टलने झाकली जाते, भरून निघत नाही.

निष्कर्ष :

१. सुट्या भागांच्या चढ्या किमतीचे मूळ विक्रेत्याच्या लोभापेक्षा बंद बाजाराच्या रचनेत आहे, हे आयोगाने भारतात प्रथमच तपशिलाने दाखविले. दुय्यम बाजाराची त्याने केलेली व्याख्या आक्षेपांना पुरून उरते.

२. सुरक्षितता व बौद्धिक संपदा या बचावांना दिलेली उत्तरे सबळ आहेत. मात्र बौद्धिक संपदेविषयीचे उत्तर नोंदणीच्या अभावावर अंशतः अवलंबून असल्याने संकल्पचित्र कायद्यात दुरुस्तीविषयक अपवाद करणे आवश्यक ठरते.

३. 'असेंब्ली' विक्री, हमीविषयक सिद्धतेचा भार, विमा, उपकरणांचे दर आणि बाजार सोडून जाणाऱ्या कंपनीचे दायित्व हे प्रश्न निर्देशांच्या बाहेर राहिले. किंमत प्रत्यक्षात ठरते ती याच ठिकाणी.

४. उलाढालीवर आधारित दंडाने मोठे आकडे निर्माण केले. मालकाला दिलासा दिला नाही. पुढील धोरणात दंडापेक्षा माहितीच्या सक्तीला आणि सुलभ भरपाईला प्राधान्य मिळावयास हवे.

५. आदेशाने मालकाकडे केवळ ग्राहक म्हणून पाहिले. ग्राहकाचा हक्क वाजवी दरात वस्तू मिळण्याचा असतो. मालकाचा हक्क वस्तू उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि आपल्या पसंतीच्या कारागिराकडून दुरुस्त करून घेण्याचा असतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत बॅटरी हा सर्वांत महाग भाग असून तिचे नियंत्रण सॉफ्टवेअरच्या हाती आहे. त्यामुळे हा दुसरा हक्क येत्या काळात अधिकच कसोटीला लागणार आहे. नाना पेठेतील दुकानात भाग येणे पुरेसे नाही. तो बसविणाऱ्या मेस्त्रीला गाडीची भाषाही कळली पाहिजे. २०१४ च्या आदेशाने पहिल्या गोष्टीचा मार्ग मोकळा केला. दुसरी गोष्ट कायद्याची वाट पाहत आहे.